आकडा उतरला

(सणसर. सकाळची वेळ. कुशाबाईच्या ओसरीवर, बाजेवर तिची थोरली जाऊ भागूबाई डोळे मिटून पडलेली. भागूबाईचा मुलगा युवराज दारात.)

युवराज : हात काढा तिच्या अंगावरचा. गूळ कुणी घातला आईच्या तोंडात?

कुशाबाई : मी. पाण्यात कालवून घोट घोट पाजला. आधी पायताण काढ, मग बोल.

युवराज : शुगरच्या माणसाला गूळ? शेजारच्या संदेशनं डोळ्यानं बघितलं म्हणून कळलं तरी. काकी, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं भांडण झालं, तवापासनं नऊ वर्षं तुमी आमचं तोंड बघत न्हाय. तो दावा आता आईवर साधताय व्हय?

कुशाबाई : दावा साधायचा असता तर भेंडीच्या सरीत पडली हुती, तितंच पडू दिली असती. घामानं चिंब, हात लटालटा कापत हुते. मला म्हणती, "आई, शाळंची घंटा झाली का?" मी तिची धाकटी जाऊ, आन मला आई म्हणती.

युवराज : उन्हानं चक्कर आली आसंल.

कुशाबाई : साडेआठला कसलं रं ऊन? साखर मोजली मी. हे बघ मशीन. सत्तेचाळीस. गुळानं आता कुठं ब्याऐंशी झालीया.

युवराज : तुमच्याकडं मशीन कुठनं आलं?

कुशाबाई : मला बी साखर हाय, सहा वर्षं झाली. तुला कोण सांगणार? तुमच्यातलं कुणी ही पायरी चढतंय का? गुळाचा खडा पदराला बांधून हिंडती मी. तुझ्या आईच्या पदराला काय हुतं सांगू? काकडीचं तुकडं.

युवराज : काकडीनं शुगर वाढत न्हाय.

कुशाबाई : भूक बी जात न्हाय. सकाळी काय खाल्लं तिनं?

युवराज : कारल्याचा रस.

कुशाबाई : आन गोळी?

युवराज : ती कशी चुकंल? मी सोता हातात देतो रोज.

कुशाबाई : रातीला काय हुतं?

युवराज : दुधीचं सूप. भाकरी बंद करून दीड महिना झाला. चपाती बंद, भात बंद. बायकूला सांगून ठेवलंय, आईनं मागितली तरी वाढायची न्हाय. एक जण व्हिडिओ टाकतो रोज, त्यानं अशीच शुगर घालवली. आईचा आकडा तीनशेवरनं एकशे दहावर आणलाय मी. तुमाला काय कळणार त्यातलं?

कुशाबाई : आकडा उतरला, आई बी उतरली. दंड धर तिचा. धर की. बांगड्या कोपरापतुर जातायत. बारामतीचा डॉक्टर काय म्हणला हुता?

युवराज : थोडं थोडं खा म्हणला. चार येळंला. अर्धी अर्धी भाकरी, डाळ, उसळ.

कुशाबाई : मग?

युवराज : मग काय. थोड्यानं एवढं उतरतंय तर बंद केल्यावर किती उतरंल, म्हणून केलं बंद.

कुशाबाई : आन खाणं बंद केलंय, तर गोळी तेवढीच द्यायची का, हे इचारलंस त्याला?

युवराज : न्हाय.

कुशाबाई : मारत हुतास तिला. रोज, आपल्या हातानं.

युवराज : तोंड सांभाळा काकी. शुगरपायी आबांचा पाय गुडघ्यातनं कापला तवा सही मी केली. पट्ट्या मी बदलल्या. ते चोरून पेढं खायचे आन आमी हसायचो. तुमी आलता का बघायला, एकदा तरी? आईचं तसं हुऊ देणार न्हाय मी.

कुशाबाई : न्हाय आले. ते माझं चुकलं, आन तुझ्यापाशी त्याची माफी मी मागणार न्हाय. पण पेढं बापानं खाल्लं आन भाकरी तू आईच्या ताटातनं काढलीस.

युवराज : आई, ऊठ. गाडी लावलीय. घरी चल.

कुशाबाई : हलवू नको तिला. गुळाचा जोर घटकाभराचा. पोटात भाकरी गेली न्हाय तर वाटंतच परत पडंल. तवा तापलाय माझा.

युवराज : तुमच्या घरचं ती खाणार न्हाय.

भागूबाई : कुशे.

कुशाबाई : काय आक्का?

भागूबाई : जवारीची हाय का?

कुशाबाई : जवारीचीच. संगं मटकीची उसळ हाय. घे, ऊन ऊन हाय. का गं, हातात धरून का बसलीस?

युवराज : खा आई. मी काय म्हणत न्हाय. खा.

भागूबाई : कुशे, त्याला जरा भायेर बसव. त्याच्या देखत घास उतरत न्हाय मला.