चोराला वेळच नव्हता

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी शिंपीणमावशी दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. समोर एका वेल्डरला त्याच्या बहिणीने वडिलांच्या खोलीच्या दाराशीच अडवलं होतं.

“ताई, शुभवर्तमान वाचलं गं! शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला येशूने शेवटच्या घटकेला पदरात घेतलं!”

“दारू सोडल्याचं तू आधीही तीनदा सांगितलंयस.”

“अगं, त्याला सुधारून दाखवायलाही वेळ नव्हता! मला आहे!”

“किती दिवस झाले?”

“अकरा!”

“हात थरथरतायत तुझे.”

“थरथरू देत. बाटली नाही ना त्यांत?”

“अण्णांना काय सांगशील?”

“चुकलो म्हणेन. बस्स.”

“मग आवाज हळू ठेव. आणि आधी डोळे पूस, येड्या.”

अण्णा पुढच्या गुरुवारी दुपारी वारले. वेल्डर उशाशी होता.