हॉकीच्या कपाचं झाकण

महिपत : घ्या, गुरुदत्तराव. झाकण. आता कायमचं तुमचं.

गुरुदत्त : नऊ वर्षं मी नुसतं बघायला मागत होतो, महिपतराव. तेव्हा हलला नाहीत.

महिपत : इथं आणलं असतं तर परत दिलं असतंत? मोहने गावातल्या भंगारवाल्याकडे मी चहा घेत बसलेलो, तेवढ्यात पलटणीचा हॉकीचा कप तुम्ही उचललात. माझ्या वाट्याला झाकण.

गुरुदत्त : पोतं आधी मी उघडलं होतं.

चित्रा : झालं सुरू. अहो, परवा नाशिकला न्यायला ट्रक येणार आणि घरात अजून पसारा आहे. भावजी, चहा टाकू?

महिपत : टाका वहिनी. तुम्ही मुलाकडे गेलात की डोंबिवलीत मला चहा विचारणारं कोण आहे?

गुरुदत्त : थांबा, कप पुसून घेतो. ब्रिटिशांच्या काळातला, जिंकलेल्या तुकडीचं नाव कोरलेला. आज पहिल्यांदा पुरा होणार. हं... बसत नाहीये.

महिपत : फिरवून बघा.

गुरुदत्त : फिरवलं. चांगलं बोटभर मोठं आहे. हे ह्या कपाचं नाहीच.

महिपत : उन्हातून आणलं ना, फुगलं असेल.

गुरुदत्त : पितळ आहे महिपतराव, पापड नव्हे.

चित्रा : भावजी, पुरे आता. अहो, दुसऱ्याच वर्षी तुम्ही दूध आणायला खाली गेला होतात, तेव्हा माझ्याकडून दोरा मागून भावजींनी कपाचं तोंड मोजून नेलंय.

महिपत : वहिनी, तुम्ही बोलणार नव्हतात.

चित्रा : आज नाही बोलले तर कधी बोलू?

गुरुदत्त : म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग दर रविवारी ठाण्याच्या खोपटहून येऊन एवढं तावातावाने का भांडत होतात?

महिपत : सांगितलं असतं तर भांडणच मिटलं असतं. मग कुठल्या निमित्ताने आलो असतो? बायको गेल्यापासून रविवार खायला उठतो मला. आता तुम्हीच चाललात, म्हटलं देऊन टाकू.

गुरुदत्त : ते झाकण पिशवीत घाला.

महिपत : रागावलात?

गुरुदत्त : घाला म्हणतो ना. महिन्यातून एकदा नाशिकच्या एसटीने खोपटला उतरणार आहे मी, झाकण मागायला. तुम्ही द्यायचं नाही.

(गॅसवर दूध उतू जातं. कोणी उठत नाही.)

महिपत : देतोय कशाला.