लाल कागदाचं नाक

(दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुटांच्या खोक्याचं केलेलं एक घर, त्याला कापून काढलेल्या उघडझाप खिडक्या. भोवती कात्री, खळीची वाटी, रंगीत कागदांचे कपटे. आजोबा खुर्चीत, त्यांची सून, म्हणजे पिटूची आई, त्यांच्यासमोर उभी. नात पिटू आतल्या खोलीत झोपलेली.)

आई : नुसती मान हलवून भागायचं नाही आता, बाबा. मी दाराबाहेरच होते. सगळं ऐकलंय.

आजोबा : क… काय?

आई : ‘क… काय’ म्हणे! मघाशी त्या नळवाल्याला काय सुनावलंत? मी पिशव्या घेऊन दाराशी उभी, आणि आतून आवाज येतोय, “अहो, वॉशर बदला म्हटलं तर तुम्ही अख्खा नळ बदलायला निघालात. उद्या दात दुखला तर डोकं बदलून द्याल का?” मला वाटलं, रेडिओ चालू राहिला.

आजोबा : रे… रेडिओ. हो.

आई : बाबा!

आजोबा : …बरं. पण वॉशरच गेला होता, हे तरी मान्य कर.

आई : बसा, बसा. उठून पळायचं नाही. म्हणजे तुम्हाला बोलता येतंय. नीट, सरळ, खवचटसुद्धा. आणि मी रोज तुमच्यासमोर चमचा धरून “च… च…” करत बसते! परवा त्या चमच्याला तुम्ही हत्ती म्हणालात. हत्ती! मी ह्यांना सांगितलं तर ह्यांना घास गिळेना. एवढा झटका आला, वाचा गेली, आणि आता चमच्याचा हत्ती झाला म्हणून.

आजोबा : हत्ती जरा जास्तच झाला. तोंडातून निघाल्यावर मलाही वाटलं तसं.

आई : कधीपासून चाललंय हे?

आजोबा : एकदम नाही गं आलं. हळूहळू. अजून सगळे शब्द नाहीतच. कधी कधी दार उघडून बघावं तर खोली रिकामी. ओळखीची खोली, पण सामान गायब. मग तिथेच उभा राहतो मी, येड्यासारखा. पण बरेचसे आले परत.

आई : मग सांगायला काय झालं होतं?

आजोबा : सांगणारच होतो. त्याच दिवशी तुला पिटूच्या बाईंनी शाळेत बोलावलं. पोर वर्गात तोंडच उघडत नाही, ‘हजर’सुद्धा म्हणत नाही म्हणून. तू घरी आलीस ती थेट आत गेलीस, रडायला.

आई : रडायला नव्हते गेले. कपड्यांच्या घड्या घालायला गेले होते.

आजोबा : हो का? बराच वेळ घातल्यास घड्या. बाहेर आणलेस तेव्हा कपडे परत दोरीवर टाकायच्या लायकीचे झाले होते.

आई : विषय बदलू नका.

आजोबा : तोच तर विषय आहे. तू आत, आणि पिटू हे खोकं घेऊन माझ्यापुढे. तू तिला करून दिलेलं. खिडकीवर टकटक करायची, आत कुणाचं चित्र आहे ते बाहेरच्या खुणेवरून ओळखायचं, नाव सांगितलं की खिडकी उघडायची. बाहेर पिवळी चोच चिकटवलेली. ‘बदक’ म्हणणार होतो मी. अगदी ओठांवर होतं. पण निघालं ‘उशी’.

आई : उशी?

आजोबा : ते खरं चुकलं होतं. आणि काय सांगू, पोरगी जी सुटली! दोन्ही हात कमरेवर. “उशी पोहते का आजोबा? उशीला चोच असते का? उशी अंडी घालते का?” मी ऐकतच राहिलो. घरात तरी तिला सलग एवढं बोलताना ऐकलं होतंस का कधी?

आई : …नाही.

आजोबा : पुढच्या खिडकीला मी बरोबर सांगितलं. तिने खिडकी उघडली आणि गप्प. त्याच्या पुढच्या खिडकीला मुद्दाम चुकलो. पुन्हा सुटली. मी जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारला, पोरी. कुठल्या भावाला गिऱ्हाईक तोंड उघडतं, ते मला कळतं.

आई : म्हणून चमच्याचा हत्ती.

आजोबा : ती दाराआडून ऐकत होती तेव्हा. तुझ्यापुढे बरोबर सांगून तिच्यापुढे चुकलो असतो तर?

आई : पण खोटंच ना ते! तिला कळलं म्हणजे? रुसेल ती. पुन्हा मिटून बसेल. आणि उद्याचं माहितीये ना तुम्हाला? प्रत्येकाने स्वतः केलेली वस्तू न्यायची आणि सगळ्यांसमोर तिच्याबद्दल सांगायचं. उद्याही ही गप्प राहिली, तर तिला परत छोट्यांच्या वर्गात बसवणार आहेत. बाई गोडच बोलल्या हो, पण बसवणार. मैत्रिणी भिंतीपलीकडे, आणि ही इकडे एकटी.

आजोबा : म्हणूनच म्हणतो, आजचा दिवस तू काही ऐकलं नाहीस.

आई : ऐकलं नाही म्हणे! आणि तुमचं काय हो? घरात नळवाल्याला सोलून काढता, आणि बाजारातले मित्र भेटायला आले की डोक्यावरून पांघरूण? फाटकाबाहेर पाऊल नाही. घरात वाघ आणि बाहेर…

आजोबा : पुढचं नको म्हणूस. शेळी निदान बें बें तरी करते.

आई : तसं नव्हतं म्हणायचं मला.

आजोबा : तसंच आहे ते. त्यांनी माझा आवाज ऐकलाय, अख्ख्या बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्यासमोर मी एका शब्दाशी अडलो, तर ते थांबतील. प्रेमाने थांबतील, माझ्या तोंडाकडे बघत. तेवढं नको वाटतं.

पिटू : आजोबा! शाळा भरली!

आई : उठलीस? आधी तोंड धू. गालावर उशीचा शिक्का बसलाय.

पिटू : बाईंना कुणी तोंड धुवायला सांगतं का? आई, तू मागच्या बाकावर बस. तिकडे, डब्यांजवळ. आणि बोलायचं नाही.

आई : हो बाई.

पिटू : आजोबा, मांडी नका घालू, पाय खाली सोडा. हं. टकटक! खिडकीत कोण आहे?

आजोबा : अं… अं… कढई.

पिटू : कढई? कढईला मिशा असतात? या बघा, हात लावून बघा. मी झाडूच्या काड्या काढून चिकटवल्यात.

आई : माझ्या नव्या झाडूच्या?

पिटू : मागच्या बाकावर कोण बोलतंय?

आई : कुणी नाही बाई.

पिटू : आजोबा, नीट ऐका. ते दूध पितं. चोरून पितं. भिंतीवरून चालतं आणि पडत नाही. आणि त्याला बोलावलं तर येत नाही, पण आपण जेवायला बसलो की बरोबर येतं. कोण?

आजोबा : तुझे बाबा?

पिटू : बाबा भिंतीवर चालतात का!

आई : बाकीचं सगळं जुळतंय पण.

पिटू : आई, तुला वर्गाबाहेर काढीन. आजोबा, मांजर! म्हणा.

आजोबा : मांजर.

पिटू : आता नाक पुढे करा.

आजोबा : पु… पुन्हा? सकाळची खळ… अजून निघाली नाही.

पिटू : चुकलं की नाक. असं. लाल. आता हलू नका, पडेल.

आई : शोभतं हो बाबा. नळवाल्याने बघायला हवं होतं.

आजोबा : सू… सूनबाई, मागचा बाक… नापास!

पिटू : आता ही नवी खिडकी. ही आईने नाही केली, मीच केलीये. बाटलीची दोन झाकणं, त्यांना भोकं पाडून दोरा, आणि वर आइस्क्रीमची काडी. टकटक! काय आहे?

आजोबा : अरे वा! हे तर… हे… आमचं… बाजारातलं…

पिटू : हो. तेच.

आजोबा : याच्यावर… इकडे माल, तिकडे… थांब हं. मला… रोज हातात असायचं हे. रोज… काय ते…

आई : बाबा, सावकाश. पाणी देऊ?

पिटू : आई, श्श. आजोबा, राहू दे. एका झाकणात बटाटे ठेवायचे, दुसऱ्यात वजन. तुम्हीच सांगितलं होतं ना मला? बटाटे जड झाले की तिकडे जातं. मी खिडकी उघडते, आपण दोघं मिळून म्हणू. त…

आजोबा : त…

पिटू : तरा…

आजोबा : तराजू. तराजू! हां. तराजू.

पिटू : शाबास. पुढची खिडकी.

आई : एक मिनिट, बाई. मागच्या बाकावरून एक शंका आहे. आता नाक नाही लावलंस?

पिटू : आता ते खरं विसरले ना.

आई : म्हणजे?

पिटू : खोटं विसरले की नाक. खरं विसरले की नाक नाही. नियम आहे.

आजोबा : कुणाचा नियम?

पिटू : माझा.

आजोबा : आणि… तुला गं कसं कळतं, खरं कुठलं नि खोटं कुठलं?

पिटू : खोटं विसरता तेव्हा तुम्ही वर पंख्याकडे बघता आणि तुमची एक भुवई नाचते. खरं विसरता तेव्हा बोटं टेबलावर अशी अशी करता.

आई : अगं बाई! बाबा, भुवई!

आजोबा : हसू नकोस. माझं नाक पडेल.

आई : पिटू, तुला इतके दिवस ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?

पिटू : त्यांना शिकायला आवडतं. मी शिकवलं नाही तर ते नुसते खिडकीशी बसतात, कुणाशी न बोलता. खऱ्या खिडकीशी. आई, तू का पाठ केलीस?

आई : कांदा चिरतेय.

आजोबा : ओटा तर रिकामा दिसतोय.

आई : तुम्ही गप्प बसा हो, लाल नाकवाले! पिटू, हे घर उद्याच्यासाठी पिशवीत भरून ठेवूया ना? खिडक्या चुरगळतील नाहीतर.

पिटू : हे घर तू केलंयस. बाई म्हणाल्या, स्वतः केलेलं आणायचं.

आई : अगं, मिशा तुझ्या, झाकणं तुझी…

पिटू : घर तुझं. मी दुसरं नेणारे.

आई : दुसरं काय? अजून काय केलंयस? झाडू तरी शिल्लक आहे ना?

पिटू : मी आजोबांना नेणारे.

आजोबा : क… काय?

पिटू : त्यांना बोलतं मी केलंय. सगळं मीच केलंय. आईचे चमचे त्यांना आलेच नाहीत.

आई : ऐकलंत? तुम्ही हस्तकला आहात.

आजोबा : मी… शाळेत… इतक्या… नको, नको. ते… तिथे सगळे…

आई : बाई, हे खरं की खोटं?

पिटू : खरं. बोटं बघ.

आजोबा : पिटू, अगं, तिथे पोरं असतील, त्यांच्या आया असतील, बाई असतील. मध्येच शब्द गेला माझा, आणि सगळे थांबून माझ्याकडे बघत बसले तर?

पिटू : मी आहे ना.

आजोबा : आणि तू? तू बोलशील सगळ्यांपुढे?

पिटू : सगळ्यांशी नाही बोलणार. मी तुमच्याशी बोलणार. आईचं घर नुसतं पुढ्यात ठेवून टकटक करणार, तुम्ही चुकणार, मग मी सांगणार. ते नुसते ऐकतील.

आई : बाबा?

आजोबा : …पायात काय घालू? चपलांचा अंगठा तुटलाय. बाहेर कुठे जायचंच नव्हतं, म्हणून शिवला नाही.

आई : मी शिवते. आत्ता शिवते. कोपऱ्यावर फुलांची पाटी लावून बसणारे तुमचे ते मित्र असतील हं वाटेवर.

आजोबा : असू देत. त्यांना म्हणावं, मी घाईत आहे. माझी शाळा आहे.

आई : म्हणावं काय, तुम्हीच म्हणा.

आजोबा : बघू. भुवई न नाचवता जमलं तर.

पिटू : आणि आजोबा, उद्या जरा नीट चुका हं. कढई नाही, हत्ती नाही. ते लगेच कळतं. मुलांना खरं वाटलं पाहिजे.

आजोबा : हो बाई. आणि खरंच विसरलो तर?

पिटू : तर माझं बोट दाबायचं. हळूच. कुणाला दिसणार नाही.

आजोबा : ठरलं.

पिटू : मीपण दाबेन.