भरलेली गाडी

थांबा. पान सापडत नाही. खूण घातली होती, पडली वाटतं.

राहू द्या. पुस्तक खाली ठेवतो. तुम्हां ड्रायव्हर मंडळींना ते पान पाठच आहे. त्याची झेरॉक्स तुमच्या प्रत्येक केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेली आहे.

तुम्ही सगळे मनोहररावांच्या शोकसभेला वाडीच्या या गोदामात जमलात. मी त्यांचा हुडकेश्वरचा शेजारी. कॉलेजात मराठी शिकवलं. बोलणं हेच माझं काम होतं.

मनोहररावांच्या चरित्रातल्या त्या पानावर आहे, की आई गेली त्या दिवशीही त्यांनी नरखेडच्या संत्र्यांच्या गाड्या रवाना केल्या. भरलेली गाडी कोणासाठी थांबत नाही, असा त्यातला धडा. वाचून मी भारावलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी कसं जमलं तुम्हाला?"

म्हणाले, "मास्तर, थे लिहिणाऱ्यानं लिहिलं गा. मी त गेटपाशी बसून होतो. गाड्या भावानं, दादारावनं काढल्या. मले कोणी विचारलंच नाही."

"मग खोडा ते."

"आता काय खोडता? पोट्टे वाचून राहिले. त्याईले बरं वाटते." मग म्हणाले, "अन् पुस्तक वजनदार आहे. ताडपत्रीवर ठेवाले कामी येते."

आम्ही दोघं हसलो. आज कळत नाही, मी कशाला हसलो.

मंडळी, मग धडा कोणता? पुस्तकातला माणूस खोटा म्हणावा, तर तुम्ही त्याच्याच भरवशावर घाट उतरलात. खरा म्हणावा, तर गेटपाशी बसलेल्या माणसाचं काय करू?

हे आज सांगायला कारण आहे. बाहेर गाड्या भरून उभ्या आहेत. तुमच्या लाइनीत मालक गेला की तेरवीपर्यंत चाक हलत नाही. संत्रा तेरवीपर्यंत टिकत नाही. बागवाल्यांचे फोन येताहेत. मनोहररावांची मुलगी वंदना आता मालक. उद्या सकाळी तिला ठरवायचं आहे. सभेआधी तिनं मला विचारलं, "सर, पुस्तकातल्या बाबांचं ऐकू, का काकांचं?" तिचे काका, दादाराव, थांबा म्हणतात.

दादाराव, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी गाड्या तुम्हीच काढल्या ना? मग आज नाही का म्हणता?

काय म्हणालात? मोठ्यानं सांगा, मागं ऐकू येत नाही.

"म्हणूनच नाही म्हणून राहिलो," असं म्हणतात दादाराव.

वंदना, मला वाटलं होतं, बोलता बोलता उत्तर सापडेल. नाही सापडलं. उभा राहिलो तेव्हा थोडं तरी कळत होतं. आता तेही नाही. चरित्र वाचून शिकायचं कसं, हे मी पोरांना अनेक वर्षं शिकवलं. तुला काही सांगता येत नाही.

आपण उभे राहू या. ज्याला जसे आठवतात, तसे मनोहरराव आठवू या.

मनोहरराव, येतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना एकेका गाडीपाशी गेली आणि प्रत्येक ड्रायव्हरला विचारलं, जायचं की थांबायचं. दोघे थांबले. त्यांच्या गाड्यांतला माल दादारावांनी निघणाऱ्या गाड्यांत जागा करून चढवून दिला.