मामाचा गिलास

आमच्या मामाकडे गेलात तर गिलास जरा विचार करून मागा.

भंडाऱ्यात त्याचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. जंगल पाहायला आलेल्या दोन बायका एकदा दुकानात शिरल्या, एक पोलंडची, एक क्रोएशियाची. मामाने चिंचेनं घासलेला पाण्याचा गुंड पाहून दोघी एकदमच म्हणाल्या, "ग्लान्त्स."

"गिलास पाहिजे म्हन्ते," मामा मला म्हणाला आणि त्याने गिलास काढले. ते पाहूनही त्या म्हणाल्या, "ग्लान्त्स." मामाने मोठे काढले, मग माळ्यावरचेही उतरवले.

शेवटी त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, यायच्या दोघीच्या बोलीत चमकीले ग्लान्त्स म्हन्ते."

"मंग पह्यले काहून नाही सांगतलं? मी माळा खाली करून राहिलो."

त्या गुंड घेऊन गेल्या. शब्द मात्र मामाला आवडला, आणि तेव्हापासून तो चमकेला गिलासच म्हणतो.

परवा त्याची नवी सून समई घासत होती. मामा कौतुकानं म्हणाला, "पोरी, मस्त. आता अजून थोडा गिलास आन."

ती लगेच उठली आणि गिलासभर पाणी घेऊन आली. मामा ते प्यायला.