वाडीत पाय घसरतात

सहदेव काका — आधी त्याचं नाव लिहा. माझा सख्खा चुलता, तो बघा पडवीत पान लावत बसलाय, त्यानेच माझ्या भावाचं मरण खोटं नोंदवायला लावलं. हळू कशाला बोलू, मॅडम? ऐकू दे की त्याला! तुमच्या सर्व्हेच्या कागदावर काय हाय — दीपेश, कड्यावरून पाय घसरून अपघाती मृत्यू. आणि आत्महत्यांच्या रकान्यात आमची वाडी शून्य! वा! आमची पोरं चालायला शिकतात ती त्याच वाटेवर, अनवाणी, गुरांमागे — आणि विशीला आली की बरोबर घसरतात? आधी जानूचा राजू, मग दीपेश. म्हातारे कोंडाजी ऐंशीचे, रोज काठी टेकत वर जातात, त्यांचा नाय घसरत कधी!

कारण कोण ठरवतं? गावकी. प्रेत घरात, आणि ही मोठी माणसं देवळात बसली. काका बोलला, माझ्या पोरीचं, श्रुतिकाचं लग्न ठरलंय, सव गावच्या पाहुण्यांना कळलं तर मोडेल — सगळ्यांनी एकच सांगायचं, वैरण कापायला गेला नि घसरला. वैरण! दीपेश महाडला एमआयडीसीत कामाला, हातात विळा धरला नाय जन्मात. पण कुणी विचारलं? कुणी नाय. लग्न झालं, ह्याच माणसांनी पंगती वाढल्या. आणि सहा महिन्यांनी येसूबाईची ज्योती घसरली. दीपेशचं खरं लिहिलं असतं तर तुम्ही तेव्हाच आला असतात ना? ज्योतीशी कुणीतरी बोललं असतं. आता येताय, फॉर्म घेऊन!

काय? जबाब कुणाचा? दाखवा... हो. सही माझीच हाय. मग? एकोणीस वर्षांचा होतो, काकाने बोट ठेवलं तिथे केली. नंतर कॉलेजात परत गेलोच नाय — तिथे पोरं विचारायची, कसा रे घसरला, आणि मी सांगायचो. रोज सांगायचो.

चिठ्ठी? कुणी सांगितलं तुम्हाला — का असंच विचारताय? सगळ्यांना विचारता होय... होती. त्याच्या बॅगेत, डब्याखाली. घडी घातलेली, वर माझं नाव. काका बोलला, चुलीत घाल. घातली.

नाय. उघडली पण नाय.

उठा आता. चहा नाय मिळायचा इथे. तुमच्या त्या शून्याचं काय करायचं ते करा. माझा भाऊ मला शेवटचं काय बोलला, ते मला माहीत नाय.