आईचे डिंकाचे लाडू

तुम्ही विचारलंच म्हणून सांगते, वजन कमी करायच्या ऑपरेशनपेक्षा मला आईला समजावणं जड गेलं. नागपूरच्या दवाखान्यातून जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरवर आले, त्याच दुपारी आई नाकाडोंगरीहून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. आमच्याकडे बाईच्या पोटाला टाके पडले की तिला बाळंतिणीसारखंच खाऊ घालतात. मला मात्र घोटघोट पाणी आणि गाळलेल्या वरणाचं पाणी, एवढंच चालत होतं. घट्ट घास गेला तर आतले टाके उसवायची भीती होती.

"आई, मले लाडू नाही चालत."

"काहून? दोन्ही सिझरच्या वेळी माह्याच हातचे खाल्ले ना? तवा तुटले का टाके?"

तिने लाडू फोडून तुकडा माझ्या तोंडाजवळ आणला. सासूबाईंना नाही म्हणायची आमच्या ह्यांची हिंमत होईना. त्यांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्यांचं पोट आता केळ्याएवढंच ठेवलंय. लाडू द्यायचा नाही, जिवावर बेतेल."

आईचा हात थांबला. "मंग बाकीचं पोट कुठी हाये?"

"कापून काढलं."

आईने तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "साहेब, ते पोट लहानपणापासून म्या भरलं होतं. काढाच्या आंधी मले एकडाव इचाराचं तरी होतं."

मग डॉक्टर म्हणाले, "चुकलं, मावशी."